धावपट्टी कुणाची, जबाबदारी कुणाची?

२८ जानेवारी २०२६ रोजी सकाळी बारामतीच्या विमानतळावर उतरू पाहणारे एक छोटे विमान कोसळले आणि राज्याचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह विमानातील पाचही जणांना प्राण गमवावे लागले. राजकीय मतभेद कितीही असोत, अशा मृत्यूपुढे मान खाली घालणे हीच आपली रीत आहे. त्या दिवशी हवा धूसर होती, दृश्यमानता कमी होती, एवढे सर्वांनी वाचले आहे. अपघाताची कारणमीमांसा करणे हे तपासयंत्रणेचे काम आहे, अग्रलेखाचे नव्हे. परंतु त्या दुर्दैवी घटनेने एक गोष्ट उघड केली, आणि तिचा विचार मात्र समाजाने करायलाच हवा. बारामतीचा विमानतळ 'अनियंत्रित' या वर्गात मोडतो. तेथे नियमित हवाई वाहतूक नियंत्रण सेवा नव्हती. आकाशात कोण आहे, वारा कोणत्या दिशेचा आहे, पुढचे कितपत दिसते, ही माहिती तेथील वैमानिक प्रशिक्षण संस्थांची माणसे येणाऱ्या विमानांना देत असत. अपघातानंतर भारतीय वायुदलाचे पथक तेथे पाठवून नियंत्रणाची व हवामानविषयक सेवेची तात्पुरती व्यवस्था करावी लागली.

ज्या धावपट्टीवर मंत्री उतरतात, उद्योगपती उतरतात आणि ज्या धावपट्टीवरून रोज कोवळ्या वयाचे प्रशिक्षणार्थी एकट्याने आकाशात झेपावतात, तेथे मनोऱ्यात बसून मार्गदर्शन करणारा शासनाचा एकही अधिकृत माणूस का नसावा? या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानात सापडत नाही. ते अर्थकारणात सापडते, आणि विमानतळांच्या खासगीकरणाची जी कहाणी महाराष्ट्रात घडली, तिच्या बारामतीतील पानावर ते स्पष्ट लिहिलेले आहे.

कहाणी अशी. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात बारामतीला धावपट्टी बांधली. हेतू उघड होता. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत मोठे कारखाने येत होते. त्यांच्या अधिकाऱ्यांना मुंबईहून वेळेत पोहोचता यावे आणि तालुक्याचे महत्त्व वाढावे. पुढे २००९ साली राज्य शासनाने बारामती, नांदेड, लातूर, यवतमाळ आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) हे पाच विमानतळ अनिल अंबानी समूहातील रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्स या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. पाचही विमानतळांची मिळून बोली होती सुमारे ६३ कोटी रुपये.

या आकड्याशी क्षणभर थांबावे. ६३ कोटींना पाचाने भागले, तर एका विमानतळाचे सरासरी १२ कोटी ६० लाख होतात. त्यांना ९५ वर्षांनी भागले, तर वर्षाला सुमारे सव्वातेरा लाख; म्हणजे महिन्याला एक लाख दहा हजारांच्या आसपास. पुण्यातील चांगल्या रस्त्यावरचे मोठे दुकानसुद्धा याहून अधिक भाडे देते. हा हिशेब ढोबळ आहे, कारण प्रत्येक विमानतळाची बोली वेगळी होती आणि आज हाती पडणारा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोलाचा असतो. तरीही व्यवहाराची जातकुळी ओळखायला तो पुरेसा आहे. हा पट्टा संपणार होता २१०४ साली. करारावर सही करणारे अधिकारी, सही घेणारे उद्योगपती आणि त्या वेळी शाळेत जाणारी मुले, यांपैकी बहुधा कुणीही तो दिवस पाहायला नसते.

घाईने कुणी म्हणेल, विमानतळ फुंकून टाकले. वस्तुस्थिती थोडी अधिक गुंतागुंतीची आहे. त्या वेळी या पाच धावपट्ट्यांना दुसरे फारसे गिऱ्हाईक नव्हते. शासनाच्या दृष्टीने त्या खर्चाच्या बाबी होत्या. कुंपण, गवत, डांबर, पहारेकरी, अग्निशमन. कुणीतरी ते ओझे उचलतो आहे आणि वर पैसेही देतो आहे, हे पाहून शासन सुखावले असल्यास नवल नाही. कंपनीच्या दृष्टीनेही हा जुगारच होता. देशात हवाई प्रवास वाढत होता. दहा-वीस वर्षांत एखादे शहर वाढले, प्रवासी आले, आसपासच्या जमिनीचा भाव चढला, तर हाती सोने लागणार. नाही आले, तर गुंतवलेली रक्कम फार मोठी नव्हती. शासनाला ओझे टाकायचे होते आणि कंपनीला वाट पाहायची होती. दोघांच्याही हिशेबात 'आज या धावपट्टीवर सुरक्षित सेवा कोण देणार?' हा रकाना रिकामाच राहिला.

पुढे जे घडले ते अपेक्षित होते. नियमित प्रवासी उड्डाणांनी बारामतीकडे पाहिलेही नाही. नांदेड सोडल्यास इतर ठिकाणीही प्रवासी सेवा नीट रुजली नाही. त्यातच समूहाची आर्थिक घडी विसकटत गेली. त्यातील मोठी दूरसंचार कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२३ साली राज्य शासनानेच विधिमंडळात सांगितले की, कंपनीने देणी थकवली आहेत, विमानतळांची देखभाल नीट होत नाही आणि ते परत कसे घेता येतील याबाबत कायदेशीर सल्ला घेतला जाईल. २०२५ मध्ये बारामतीचा कारभार महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे, म्हणजे शासनाच्याच कंपनीकडे आला. पंधरा-सोळा वर्षांचे एक वर्तुळ पूर्ण झाले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. जानेवारी २०२६ चा अपघात झाला तेव्हा विमानतळ खासगी कंपनीकडे नव्हता. तो शासनाकडे परतला होता. औद्योगिक महामंडळाच्या काळात, खासगी कंपनीच्या काळात आणि पुन्हा शासकीय कंपनीच्या काळातही तेथे नियमित नियंत्रण सेवा उभी राहिली नाही. मालक बदलत गेले, रिकामा रकाना तसाच राहिला. म्हणूनच 'खासगी वाईट, सरकारी चांगले' किंवा त्याच्या उलट असा सोपा निष्कर्ष काढून कुणाला झोप येणार असेल, तर त्याने तो जरूर काढावा. प्रश्न मात्र त्याने सुटणार नाही.

विमानतळाचे अर्थशास्त्र समजून घेतले, की हे कोडे उलगडते. धावपट्टीवर दिवसाला दोन विमाने उतरोत वा दोनशे, डांबराचा, दिव्यांचा, अग्निबंबाचा, मनोऱ्याचा आणि माणसांचा खर्च फारसा बदलत नाही. खर्च स्थिर, उत्पन्न मात्र वाहतुकीवर अवलंबून. उत्पन्नाचे दोन झरे असतात. पहिला विमानांकडून व प्रवाशांकडून मिळणाऱ्या शुल्काचा: उतरण्याचे, उभे राहण्याचे आणि तिकिटातून कापले जाणारे प्रवासी विकास शुल्क. दुसरा झरा दुकाने, उपाहारगृहे, वाहनतळ, जाहिराती आणि जमिनीचा. मोठ्या शहरात दोन्ही झरे दुथडी भरून वाहतात. बारामतीसारख्या ठिकाणी पहिला ठिबकतो आणि दुसऱ्याचा उगमच नाही.

यामुळे 'विमानतळांचे खासगीकरण' या एकाच शब्दाखाली दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी दडतात. एक आहे मोठ्या विमानतळांची. वाजपेयी सरकारच्या काळात २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि विमानतळ भाडेपट्ट्याने देण्याचा मार्ग मोकळा झाला. २००६ साली मनमोहनसिंग सरकारने दिल्ली आणि मुंबईचे विमानतळ खासगी भागीदारांकडे सोपवले. दिल्लीच्या भागीदाराने उत्पन्नातील ४५.९९ टक्के, तर मुंबईच्या भागीदाराने ३८.७ टक्के वाटा भारतीय विमानतळ प्राधिकरणाला देण्याचे कबूल केले. कर्मचाऱ्यांनी संप केला, डाव्या पक्षांनी आकाशपाताळ एक केले. पण जुन्या, कळकट इमारतींच्या जागी नव्या इमारती उभ्या राहिल्या हेही खरे. पुढे २०१९ मध्ये अहमदाबाद, लखनौ, जयपूर, मंगळुरू, गुवाहाटी आणि तिरुवनंतपुरम या सहा विमानतळांसाठी बोलीची पद्धत बदलली. उत्पन्नाच्या टक्केवारीऐवजी दर प्रवाशामागे ठरावीक रक्कम असे सूत्र आले. अहमदाबादसाठी १७७ रुपये, मंगळुरूसाठी ११५ रुपये अशा सर्वोच्च बोली लावून अदाणी समूहाने सहाही विमानतळ ५० वर्षांसाठी मिळवले. टक्केवारीच्या पद्धतीत उत्पन्न दडवण्याचा मोह असतो. प्रवासी मोजणे सोपे असते. हा बदल शहाणपणाचा होता.

मोठ्या विमानतळाचा धोका वेगळा आहे. तेथे गिऱ्हाईक भरपूर आणि पर्याय शून्य. मुंबईच्या माणसाला मुंबईहूनच उडायचे असते. अशा मक्तेदारीत खासगी मालकाला मोकळे सोडले, तर प्रवाशाचा खिसा हीच त्याची खाण होते. म्हणून २००८ च्या कायद्याने विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण स्थापन झाले. तरीही नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात दिल्लीबाबत कठोर ताशेरे ओढले. प्रवाशांकडून विकास शुल्क म्हणून ३,४१५ कोटी रुपये गोळा करण्यास मुभा दिली गेली आणि हजारो एकर जमीन वर्षाला अवघ्या १०० रुपये भाड्याने दिली गेली, हे त्या अहवालातील मुद्दे तेव्हा घराघरांत चर्चिले गेले. जेथे नफा निश्चित आहे, तेथे शासनाने रखवालदार व्हावे लागते. हा त्यातील धडा.

दुसरी गोष्ट छोट्या विमानतळांची. तेथे मक्तेदारीचा प्रश्नच येत नाही, कारण लुटण्यासारखे काही नसते. तेथील धोका उपेक्षेचा आहे. नफा नसल्याने मालक खर्च करीत नाही. खर्च नसल्याने सेवा नाही. सेवा नसल्याने वाहतूक येत नाही. वाहतूक नसल्याने नफा नाही. शिवाय आर्थिक नियामकाची कक्षा मोठ्या विमानतळांपुरतीच आहे. वर्षाला ३५ लाखांहून अधिक प्रवासी असलेलेच विमानतळ त्याच्या नजरेखाली येतात. बारामतीसारख्या धावपट्टीवर कोण किती शुल्क घेतो आणि त्यातले किती सुरक्षेवर खर्च होतात, हे पाहणारा तिसरा डोळाच नाही. मोठ्या विमानतळांसाठी रचलेले भाडेपट्ट्याचे सूत्र छोट्यांना जसेच्या तसे लावले, येथे धोरणाचा पाय घसरला.

आपल्याच राज्यातील चार उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. कोल्हापूरचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात १९३९ मध्ये सुरू झाला. पुढे तो दीर्घकाळ सुस्त पडला. पण विमानतळ प्राधिकरणाच्या हाती राहून, केंद्राच्या 'उडान' योजनेचा आधार घेऊन आज तो नव्या इमारतीसह जागा झाला आहे. शिर्डीचा विमानतळ राज्य शासनाच्या विमानतळ विकास कंपनीने काकडी येथे बांधला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला. साईभक्तांची अखंड रीघ हेच त्याचे भांडवल. सिंधुदुर्गातील चिपीचा विमानतळ आयआरबी या खासगी कंपनीने उभारला. ऑक्टोबर २०२१ मध्ये मोठ्या गाजावाजाने उद्घाटन झाले, पण उड्डाणे येत-जात राहिली. चौथे उदाहरण बारामतीचे. या चौघांत मालकी वेगवेगळी आहे, पण यशापयशाची रेषा मालकीवरून आखता येत नाही. जेथे प्रवासी होते किंवा जेथे शासनाने सुरुवातीची तूट ठरवून सोसली, तेथे विमानतळ टिकला. जेथे दोन्ही नव्हते, तेथे खासगी भांडवल कोणताही चमत्कार करू शकले नाही.

जगाचा अनुभव याहून वेगळा नाही. खासगीकरणाचे माहेरघर म्हणवणाऱ्या ब्रिटनमध्ये थॅचरबाईंच्या काळात १९८७ साली लंडनचे विमानतळ चालवणारी कंपनी बाजारात विकली गेली. मक्तेदारी वाढल्यावर त्याच देशाच्या स्पर्धा आयोगाने पुढे तिला गॅटविक, एडिंबरा, स्टॅनस्टेड हे विमानतळ सोडायला भाग पाडले. पण उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखातील व बेटांवरील छोटे विमानतळ ब्रिटनने बाजाराच्या हवाली केले नाहीत. ते तेथील शासनाच्या मालकीची कंपनीच चालवते. अमेरिका ही तर भांडवलशाहीची पंढरी. तेथे बहुतेक विमानतळ आजही शहरांच्या वा प्रांतांच्या मालकीचे आहेत. छोट्या विमानतळांवरील नियंत्रण मनोरे मात्र १९८२ पासून खासगी कंत्राटदार चालवतात. पगार अमेरिकी शासनाच्या तिजोरीतून, नियम शासनाचे, माणसे कंत्राटदाराची. खासगी कार्यक्षमता हवी असेल तर ती अशी विकत घेता येते. त्यासाठी जमीन ९५ वर्षांसाठी लिहून द्यावी लागत नाही.

खासगी उद्यमाविषयी आकस बाळगणाऱ्यांनी इंदापूर तालुक्याकडे पाहावे. कळंबजवळच्या माळरानावर सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसवले. याच वालचंदांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा देशातील पहिला विमान कारखाना सुरू केला. युद्धकाळात, १९४२ मध्ये, तो सरकारने ताब्यात घेतला. गोऱ्या राज्यकर्त्यांच्या नाकावर टिच्चून जहाज, विमान आणि मोटार भारतात बनवू पाहणारा हा माणूस खासगी उद्योजकच होता. स्वदेशी भांडवलाने राष्ट्र घडते, याचा पुरावा शोधायला इंदापूरकरांना दूर जावे लागत नाही. गंमत पाहा, त्या कारखान्याच्या नावाने ओळखला जाणारा बंगळुरूचा जुना विमानतळ २००८ मध्ये नियमित प्रवासी उड्डाणांना बंद झाला, तो देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळासाठी केलेल्या करारातील अटीमुळे. करारातील एक ओळ एका शहराची चालती धावपट्टी कशी बंद करू शकते, हे तेथील लोकांनी अनुभवले. वालचंदांसारखा उद्योजक काहीतरी उभारतो आणि त्यावर कमावतो. पट्टा हाती ठेवून नुसता भाव चढण्याची वाट पाहणारा त्या पंक्तीत बसत नाही. धोरणाला हा फरक ओळखता आला पाहिजे.

शासनाने तोट्यात काही चालवूच नये, असे म्हणणाऱ्यांसाठीही या दोन तालुक्यांत उत्तर आहे. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर झाला. पाणी आले म्हणून लगेच तिजोरी भरली नाही. शेतकऱ्याला त्या पाण्याची सवय व्हायला, ऊस रुजायला, कारखाने निघायला काही दशके जावी लागली. आज माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर ही नावे ज्या समृद्धीची साक्ष देतात, ती त्या कालव्याच्या पाण्यावर उभी आहे. पहिल्या दहा वर्षांच्या जमाखर्चावरून कुणी तो कालवा ९५ वर्षांसाठी लिलावात काढला असता, तर आजचे बारामती आणि इंदापूर कसे दिसले असते? काही गुंतवणुकीचे फळ हिशेबवहीत उशिरा उमटते. ती वाट पाहण्याची ताकद समाजाची, म्हणजे शासनाची असते.

पट्ट्याच्या लांबीबाबतही महाराष्ट्राला जुना अनुभव आहे. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे ब्रिटिश काळातील खासगी कंपनीच्या मालकीची. गाड्या सरकारी रेल्वेने चालवायच्या आणि कंपनीला तिचा हिस्सा द्यायचा, हा स्वातंत्र्यापूर्वीचा करार स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके मानगुटीवर बसून राहिला. रुळांवर पैसा कुणी घालायचा या वादात विदर्भातील गरिबांची ती गाडी खिळखिळी झाली. ज्या यवतमाळने हे सोसले, त्याच यवतमाळचा विमानतळ २००९ च्या ९५ वर्षांच्या यादीत होता! दिल्लीत विमानतळाकडे जाणारी मेट्रो याच समूहातील कंपनीने २०११ मध्ये सुरू केली आणि जून २०१३ अखेर अंग काढून घेतले; गाडी थांबू नये म्हणून सरकारी दिल्ली मेट्रोला ती एका रात्रीत चालवायला घ्यावी लागली. नुकसानभरपाईचा दावा सर्वोच्च न्यायालयात एप्रिल २०२४ पर्यंत लोंबकळत होता. करार मोडणे सोपे असते, निस्तरणे महाग पडते.

मग करायचे काय? कौटिल्याने अर्थशास्त्रात नावाध्यक्षाची, म्हणजे नदीवरील नावांच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. प्रवाशाकडून उतराई घ्यावी, बालक, वृद्ध, रोगी, गर्भवती यांना सवलत द्यावी, असे सांगून तो पुढे म्हणतो: पुरेशी माणसे नसल्याने, साधने नसल्याने किंवा डागडुजी न केल्याने नाव बुडाली, तर झालेले नुकसान नावाध्यक्षाने भरून द्यावे. नाव कुणाच्या मालकीची यावर त्याने जबाबदारी ठरवली नाही. माणसे होती का, साधने होती का, दुरुस्ती झाली होती का, एवढेच त्याने विचारले. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे तीन प्रश्न आजच्या कोणत्याही विमानतळ-कराराच्या पहिल्या पानावर यायला हवेत.

त्यातून काही ठोस गोष्टी निघतात. पहिली, जमीन आणि कारभार वेगळे करावेत. औद्योगिक महामंडळाने लोकहिताच्या नावाने मिळवलेली जमीन समाजाची आहे. ती तीन पिढ्यांसाठी कुणाच्या ताळेबंदात जाऊ नये. कारभार मात्र दहा-पंधरा वर्षांच्या कंत्राटाने खासगी संस्थेला देण्यास हरकत नाही. दुसरी, करारात कामाची अट असावी. ठरलेल्या मुदतीत धावपट्टीचे नूतनीकरण, अग्निशमन, हवामानयंत्रे झाली नाहीत, तर कोर्टकचेरीशिवाय कारभार परत घेण्याचा अधिकार शासनाला असावा आणि त्यासाठी अनामत रक्कम आधीच जमा असावी. तिसरी, नियंत्रण, हवामान आणि अग्निशमन या तीन सेवा विकासाच्या यादीतून काढून सुरक्षेच्या यादीत घालाव्यात. त्यांचा खर्च प्रथम शासनाने करावा आणि मग प्रत्येक उड्डाणामागे शुल्क लावून जमेल तेवढा वसूल करावा. खासगी विमानाने येणाऱ्या मान्यवरांनी आणि त्यांना बोलावणाऱ्यांनी हे शुल्क आनंदाने भरावे.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तरही महाराष्ट्रातच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळात सिडकोचा २६ टक्के वाटा आहे आणि सवलत-करारानुसार महसुलातील १२.६० टक्के हिस्साही ठरलेला आहे. मोठ्या शहराच्या मक्तेदारीतून येणाऱ्या या पैशाचा एक लहानसा भाग राज्यातील छोट्या धावपट्ट्यांच्या सुरक्षेसाठी कायद्याने बांधून ठेवता येईल. 'उडान' योजनेत केंद्राने मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार लावून छोट्या मार्गांना मदत केली, त्याचेच हे राज्यातील रूप होईल. एकत्र कुटुंबात कमावता भाऊ धाकट्याचे शिक्षण करतो, त्याला कुणी अनुदान म्हणत नाही.

चौथी गोष्ट प्रशिक्षणाची. बारामती हे आज देशातील वैमानिक प्रशिक्षणाचे एक मोठे केंद्र आहे. मध्यमवर्गीय आईबाप कर्ज काढून, घर गहाण टाकून मुलामुलींना येथे पाठवतात. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात एक प्रशिक्षण विमान कोसळले. सुदैवाने प्रशिक्षणार्थी तरुणी बचावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीच्या परिसरात चार दिवसांच्या आत दोन प्रशिक्षण विमानांना अपघात झाला. ज्या गावांच्या डोक्यावरून ही विमाने घिरट्या घालतात, तेथील शेतकऱ्याला या उद्योगातून कवडी मिळत नाही. जोखीम मात्र त्याच्या शेतात उतरते. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. सरळ मराठीत, एकाच्या धंद्याची झळ दुसऱ्याने सोसणे. त्याचे मोल संस्थांच्या शुल्कात धरले गेलेच पाहिजे. त्यातून मनोऱ्याचा पगार निघेल आणि सर्वांत आधी सुरक्षित होतील ती शिकणारी मुलेच.

हा विषय उद्या पुरंदरलाही येणार आहे. तेथील सात गावांचे शेतकरी आपल्या अंजीर-सीताफळाच्या बागा विमानतळासाठी देण्यास विरोध करीत आले आहेत. त्यांना 'विकासाचे शत्रू' ठरवण्याआधी शासनाने बारामतीचा जमाखर्च त्यांच्यापुढे ठेवावा: जमीन घेतली कशासाठी, दिली कुणाला, किती वर्षांसाठी, कितीला, आणि त्या बदल्यात काय उभे राहिले. ज्या करारात जनतेची जमीन आहे, तो करार जनतेला वाचायला मिळाला पाहिजे, तोही मराठीत.

आपल्या वाचकांत अभियंते आहेत, सनदी लेखापाल आहेत, ग्रामपंचायतीत निवडून गेलेले कार्यकर्ते आहेत. रस्ता, बसस्थानक, पाणीपुरवठा, विमानतळ. आपल्या तालुक्यातील जी जी सार्वजनिक मालमत्ता खासगी हाती गेली वा जाणार आहे, तिचा करार माहितीच्या अधिकारात मागवावा, वाचावा आणि त्यात कौटिल्याचे तीन प्रश्न शोधावेत. माणसे कुणाची, साधने कुणाची, दुरुस्ती कुणाची. उत्तर सापडले नाही, तर ग्रामसभेत उभे राहून विचारावे. बारामतीच्या मनोऱ्याचा प्रश्न कुणीतरी वेळेवर, मोठ्याने विचारायला हवा होता. इतर चार धावपट्ट्यांबाबत तो विचारण्याची वेळ अजून गेलेली नाही.